कामाच्या दिवसातली श्रद्धा, तिळाएवढा आनंद



थंडी आली की आमच्या बचत गटांच्या बैठकांची वेळ बदलावी लागते. उन्हाळ्यात दुपारी चारला जमणाऱ्या बाया डिसेंबरात संध्याकाळी सातशिवाय मोकळ्या होत नाहीत. जमल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, देवाला हात जोडायलासुद्धा सवड नाही बघा." गंमत अशी, की हे म्हणणारीनं त्याच दिवशी पहाटे उंबऱ्यावर पाणी शिंपडलेलं असतं, तुळशीपुढं दिवा लावलेला असतो, चुलीला किंवा गॅसला हळदकुंकवाचं बोट लावलेलं असतं. मग सवड नाही म्हणजे नेमकं काय नाही? आमच्या मते तिला देवासाठी वेळ मिळालेला असतो. मिळालेला नसतो तो घटकाभर बसायला, दोन शब्द बोलायला आणि निवांत घास घ्यायला.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत थंडी म्हणजे कामाची दाटी. आणि व्रतं, सण, यात्राही थंडीतच दाटीनं येतात. चंपाषष्ठी, मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, भोगी, संक्रांत आणि मग रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदीकुंकू. हे सगळं आपल्याला आणखी दमवतं की थोडा विसावा देतं? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या बायांनी कामाच्या मधोमध ठेवलेल्या या बसायच्या जागा आहेत. पण त्या जागेवर कोण बसतं आणि कोण दाराशी उभं राहतं, यावर तो आनंद खरा की अर्धा, हे ठरतं.

थंडीचा दिवस कसा जातो

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठचा ऊस दिवाळीनंतर तोडणीला येतो. बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येऊन पालं ठोकतात. टोळीतली बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात उभी असते. नवरा कोयत्यानं ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. आपल्या गावातल्या बायांचं काम वेगळं, पण थंडी तीच. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी कांद्याची लागवड चालते. वाफ्यात पाणी सोडलेलं, पाय गारठलेल्या चिखलात, कंबर वाकलेली आणि बोटांनी एकेक रोप टोचत पुढं सरकायचं. एकरावर उक्तं काम घेतलेलं असलं की मान वर करायलाही कुणी तयार नसतं.

पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडच्या जिरायत भागात ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, तिथं पाखरं राखायची. ज्यांच्या गोठ्यात गाई आहेत त्यांचा दिवस धारेपासून, म्हणजे चार-साडेचारलाच सुरू होतो, कारण दुधाची गाडी कुणासाठी थांबत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत जाणाऱ्या मुली पहिल्या पाळीच्या बससाठी तोंडावर ओढणी गुंडाळून फाट्यावर उभ्या. दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत भाजीच्या पाट्या घेतलेल्या मावश्या बसलेल्या.

त्यात शेतीपंपाची वीज आलटूनपालटून दिवसा आणि रात्री. रात्रपाळी आली की दारं धरायला कुणाला तरी जावंच लागतं, आणि शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचं भय आहे. घरातलं माणूस पाण्यावर गेलं, की ते परत येईपर्यंत घरातल्या बाईचा डोळा लागत नाही. देवापुढचा दिवा ती त्या रात्री दोनदा वातीनं सारते. तिला विचारलं तर ती म्हणेल, झोप येत नव्हती म्हणून उठले. आम्ही त्याला श्रद्धा म्हणतो.

हात कामात, नाव ओठावर

आपल्याकडे बाईची भक्ती कामापासून कधी वेगळी काढलेली नव्हती. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी. तिच्या गोष्टींत विठ्ठल येतो तो जात्यापाशी, शेण्या वेचताना, पाणी भरताना. सावता माळ्याला तो मळ्यात भेटला. ही माणसं काम सोडून देवाकडं गेली नाहीत. म्हणून तर ती आपल्यासारख्यांना जवळची वाटतात.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या आणि माहेर, भाऊ, सीता, पंढरी, सासुरवास असं सगळं त्या ओव्यांत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या बायांकडून अशा ओव्या गोळा करायचं काम वर्षानुवर्षं केलं. गोळा झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी बायांचा आवाज त्यात आहे. या लाखभर ओव्या रचायला कुणा बाईला मोकळा वेळ मिळाला नव्हता. त्या दळतादळता झाल्या. जड दगड फिरवताना श्वासाला लय लागते, लयीला शब्द लागतात आणि शब्दांत मनातलं बाहेर पडतं. समोर दुसरी बाई बसलेली असायची, ती ऐकायची. हलकं वाटायचं ते या ऐकण्यामुळं.

आता जातं माळ्यावर आहे आणि दळण गिरणीत जातं. तासभराचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. कुणी परत जात्यावर बसा म्हणालं तर आम्हीच आधी नको म्हणू. पण कष्टाबरोबर समोर बसून ऐकणारी बाईही गेली, ती मात्र आपल्याला पुन्हा शोधायची आहे. कांद्याच्या वाफ्यात चार जणी एका ओळीत लागवड करतात, तिथं ती आहे. कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर ती आहे. आणि गटाच्या बैठकीत तर नक्कीच आहे.

सणाच्या ताटात आपलंच शेत

आता हे सण थंडीतच का, ते पाहू.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. प्रतिपदेपासून सहा दिवस खंडोबाचा उत्सव. जेजुरी आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, त्यामुळं दौंडच्या घराघरात तळी भरली जाते. त्या दिवशीचा नैवेद्य वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि बाजरीचे रोडगे. कितीतरी घरांत चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य असतं, ते या दिवशी पुन्हा पानात येतं. यावेळी वांगी कोवळी असतात, पात हिरवीगार असते आणि खरिपाची बाजरी घरात आलेली असते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, पावटा, वांगं, गाजर, शेंगदाणे, तीळ असं सगळं एकत्र करून केलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी सुगडं पुजायची. आपल्याकडे काही घरांत त्यांना खणही म्हणतात. त्या कुंभाराच्या लहान मडक्यांत आपण काय भरतो, आठवून पाहा. उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी, गाजर, बोरं, तीळगूळ. हे भरून आपण विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात ववसायला जातो.

मैत्रिणींनो, यातली बोरं सोडली तर बहुतेक सगळं बाईच्या हातून गेलेलं असतं. हरभरा तिनं खुरपला, गहू तिनं निंदला, उसाचं बेणं लावताना ती होती, गाजरं तिनं धुतली. सुगड म्हणजे त्या थंडीतल्या आपल्या कामाचा नमुना. देवापुढं ठेवतो ते आपण केलेलं काम, आणि एकमेकींच्या ओटीत देतो तेही तेच. वर्षभर सातबाऱ्यावर आपलं नाव असो नसो, त्या दिवशी मडक्यात आपली मेहनत दिसते.

संक्रांतीची एक गोष्ट बाकी सणांपेक्षा वेगळी आहे. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात, म्हणून इंग्रजी तारखेनं ते मागेपुढे होतात. संक्रांत सूर्याच्या चालीवर चालते, म्हणून ती सध्या १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. तीही अगदी हळूहळू सरकते, साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी.

सर्वांत लहान दिवस मात्र त्याआधीच, २१-२२ डिसेंबरला होऊन गेलेला असतो. तरी आपल्याला वाटतं, सकाळ अजून उशिरा का उजाडते? आपल्या भागात दिवस मोठा व्हायला लागतो तो आधी संध्याकाळच्या बाजूनं. सूर्य उगवण्याची वेळ जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबतच जाते आणि मग मागे यायला लागते. म्हणजे पहाटे धार काढणाऱ्या बाईला अंधार कमी झाल्याचं कळतं ते संक्रांत उलटल्यावरच. शास्त्र काहीही असो, तिच्या अंगाचा अनुभव आणि सण इथं बरोबर जुळतात.

गूळ कुठून येतो, अंगाला काय मिळतं

तिळगुळातला गूळही आपल्याच मातीतला. दौंड तालुक्यात केडगावच्या आजूबाजूला गुऱ्हाळं आहेत, हंगामात त्या वाटेनं गेलं की उकळत्या रसाचा वास येतो. चरकातून रस निघतो, मोठ्या काहिलीत चुलवणावर उकळतो. वाळलेल्या चिपाडांचंच जळण. वर येणारी मळी झाऱ्यानं काढून टाकतात, ती सुटावी म्हणून काही ठिकाणी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. रस घट्ट झाला, की गुळव्या थोडा पाण्यात टाकून बोटानं पाहतो. गोळी बरोबर झाली तरच काहील उतरवायची. एक टन उसापासून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ मिळतो. फार पिवळाधमक दिसणारा गूळ चांगलाच असेल असं नाही, रंग उजळवायला रसायन वापरलेलं असू शकतं. गटातून तिळगूळ वड्या करून विकणाऱ्या मैत्रिणींनी गूळ घेताना जरा गडद, तपकिरी रंगाचा मागावा.

तीळ, गूळ, बाजरी हे थंडीत अंगाला ऊब देतं, असं आजी सांगायची. आजच्या भाषेत सांगायचं तर तिळात स्निग्धांश भरपूर आणि वजनाला वजन धरलं तर दुधापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम. बाजरीत तांदळापेक्षा लोह बरंच जास्त. हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. लागवडीत उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, जिना चढताना धाप लागते, त्याला आपण "थंडीनं होतं" म्हणतो.

एकट्या बाजरीनं आणि गुळानं रक्त भरत नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. आरोग्य केंद्रात तपासणी करून गोळ्या घ्याव्याच लागतात. पण दोन साध्या गोष्टी आजपासून करता येतात. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. आणि भाकरी-भाजीवर लिंबू पिळा किंवा आवळ्याची फोड घ्या, त्यानं लोह जास्त अंगी लागतं. थंडीत आवळा स्वस्तही असतो.

तिसरी गोष्ट साधी वाटेल, पण तीच सगळ्यात अवघड. भोगीची भाजी आणि ती गरम भाकरी सगळ्यांचं झाल्यावर उभ्याउभ्या गार खाऊ नका. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं आपण म्हणतो. त्या म्हणीत बाईसुद्धा आली की! देवाला नैवेद्य गरम दाखवतो, तसा स्वतःलाही एक दिवस दाखवा.

गुरुवारची पोथी आणि दारातली म्हातारी

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्यातल्या कितीतरी जणी महालक्ष्मीचा घट मांडतात. कलश, नारळ, पाच पानं, फुलं, आणि संध्याकाळी पोथी. दिवसभर लागवड करून आलेली बाई हातपाय धुऊन पाटावर बसते आणि अर्धा तास फक्त वाचते. घरात कुणी तिला हाक मारत नाही, कारण ती पोथी वाचतेय. आम्हाला तर वाटतं, या व्रताचं निम्मं पुण्य या अर्ध्या तासात आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्णानं महिन्यांमध्ये मार्गशीर्ष म्हणजे मी, असं सांगितलं आहे. त्या महिन्यातली एक संध्याकाळ बाईच्या वाट्याला यावी, हे योग्यच.

त्या पोथीतली कथा आपल्याला पाठ असते. लक्ष्मी राणीच्या दारी येते ती सोन्यानं मढून येत नाही. फाटकी, काठी टेकणारी म्हातारी होऊन येते. राणी तिला हिडीसफिडीस करून घालवते. राजकन्या मात्र तिला नीट बोलते, तिचं ऐकून घेते. पुढं कुणाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दर गुरुवारी आपण ही कथा वाचतो आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सवाष्णी बोलावतो. त्याच गल्लीत राहणारी, नवरा गेलेली जाऊ, नणंद, शेजारीण त्या संध्याकाळी दार लोटून घरात बसते. पोथी काय सांगते आणि आपण काय करतो, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. गटासाठी दरवर्षी तिळाचे लाडू त्याच करतात. पाक त्यांच्यासारखा कुणाला साधत नाही. आणि दरवर्षी हळदीकुंकू सुरू झालं, की त्या "चहाचं बघते" म्हणून उठून आत जायच्या. कुणी त्यांना जा म्हणत नव्हतं. कुणी बसा म्हणतही नव्हतं. एका वर्षी बैठकीत हा विषय निघाला. कर्जाच्या परतफेडीवर मोठ्यानं बोलणाऱ्या बाया या विषयावर मात्र खाली मान घालून बसल्या. शेवटी एवढंच ठरलं, की कार्यक्रमाला तिळगूळ मेळावा म्हणायचं, हळदकुंकवाचा करंडा मधोमध ठेवायचा आणि ज्या त्या बाईनं आपल्या हातानं लावायचं. त्या दिवशी ताई चहाला उठल्या नाहीत. त्यांनी हळद लावली, कुंकवाला हात लावला नाही. दोन वयस्कर बाया वाण न घेता लवकर उठून गेल्या. पुढच्या वर्षी त्यातली एक आली, दुसरी अजून येत नाही. बदल असाच होतो, अर्धा अर्धा.

हे काही नवीन खूळ नाही

कुणी म्हणेल, हे शहरातलं नवं खूळ आहे. तर थोडं मागे जाऊन पाहू. जानेवारी १८५२ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळानं पुण्यात तिळगूळ समारंभ केला. पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स अध्यक्ष होत्या. बोलावणं सर्व जातींच्या बायांना होतं, आणि सगळ्यांना एकाच जाजमावर बसवून भेदभाव न करता हळदीकुंकू लावायचं, हे आधीच जाहीर केलेलं होतं. १७० वर्षांहून जास्त काळ झाला. सावित्रीबाईंनी सण नाकारला नाही. जाजम मोठं केलं.

दुसरं उदाहरण तर आपल्या दौंड तालुक्यातलं. केडगावला रेल्वेनं उतरलं, की पंडिता रमाबाईंची मुक्ती मिशनची संस्था जवळच आहे. रमाबाई स्वतः ऐन तारुण्यात विधवा झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढं ते पुण्यात आणि नंतर केडगावला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, टाकलेल्या बायामुलींना त्यांनी गोळा करून इथं आणलं. त्यांना नुसतं जेवू घालून बसवलं नाही. शेती, विणकाम, छापखाना अशी कामं शिकवली. त्यांचा धर्ममार्ग वेगळा झाला, आपल्यातल्या बहुतेकींचा वेगळा आहे. पण कामाला आणि प्रार्थनेला एकाच दिवसात जागा देणं, आणि जिला कुणी बोलावत नाही तिला आधी बोलावणं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. १९२२ साली केडगावलाच त्यांचं निधन झालं.

तिसरं अगदी अलीकडचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं कळवलं. ठरावानं मन लगेच बदलत नाही, हे आम्हालाही कळतं. पण ठराव झाला की बदलू पाहणाऱ्या बाईला पाठीशी एक कागद मिळतो.

आणि आपल्या गटांत सगळ्या काही एकाच देवाला हात जोडणाऱ्या नाहीत. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला जाणाऱ्या मैत्रिणी आहेत, केडगावात नाताळ करणाऱ्या आहेत, शुक्रवारी घरी नमाज पढणाऱ्या आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मात्र सगळ्या एकत्र बसतात. तिळगूळ कुणाला धर्म विचारत नाही.

यंदा आपण काय करू शकतो

बोलणं पुष्कळ झालं. आता गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवता येतील अशा चार गोष्टी.

पहिली. वाणासाठी कर्ज काढू नका. दरवर्षी जानेवारीत अंतर्गत कर्जाच्या मागण्या येतात आणि त्यात "सणासाठी" असं कारण असतं. प्लॅस्टिकचा डबा दोन महिन्यांत फुटतो, कर्जाचा हप्ता मात्र पुढं चालतो. गटानं मिळून खर्चाची एक मर्यादा ठरवावी आणि ती सगळ्यांनी पाळावी. म्हणजे कमी पैसे असलेलीला खाली पाहावं लागत नाही.

दुसरी. वाण उपयोगाचं द्या आणि शक्यतो आपल्याच गटांकडून घ्या. पाव किलो तिळाची चटणी, कापडी पिशवी, परसात लावायला भाज्यांच्या बियांची पुडी, शेवग्याचं रोप. एकीचं वाण ती दुसरीची कमाई.

तिसरी. तिळगुळाच्या दिवशी आशाताईंना बोलवा. सगळ्या जमलेल्याच असतात, तर रक्त तपासणी कधी आणि कुठं करायची, हे तिथंच ठरवून टाका. सणाला एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करतोच, ती जरा नीट करू.

चौथी. बोलावण्याची यादी पुन्हा एकदा वाचा. कुणाचं नाव राहिलं? नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, लग्न न केलेली, गावात नवीन आलेली, वस्तीबाहेरच्या पालात उतरलेली ऊसतोडणीची बाई. त्या पालातल्या बाईनं तोडलेल्या उसाचा तुकडा आपल्या सुगडात आहे, आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवायला आपण तिथवर जात नाही.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. यातली पहिली बैठक आहे, बचत दुसरी. आधी बसायचं, मग पैशाचं. श्रद्धेचंही तसंच असावं. गोल करून बसलो, सगळ्यांना जागा झाली, एकमेकींचं ऐकलं, हातावर तीळ आला, की दिवसभराच्या गारठ्याचं काही वाटत नाही. या आनंदाला वेगळी सवड काढावी लागत नाही. फक्त सरकून बसावं लागतं.

लागवडीला जाताना पायांना तेल चोळा, डोक्याला रुमाल बांधा, रात्रीच्या पाण्यावर कुणाला एकटं पाठवू नका. आणि येत्या बैठकीला यादी घेऊन या.

तिळगूळ घ्या, गोड बोला. नमस्कार.